बेस कॅम्प, हुडकेश्वर

१६ नोव्हेंबर, रविवार
अदिती जानेवारीत नोकरीसाठी बंगळुरूला जाणार. आज जेवताना म्हणाली, बाबा, जायच्या आधी आपण दोघं एकदा किल्ल्यावर ट्रेकला जाऊ. माझ्यातला ट्रेकर पोरीने बरोबर ओळखला. लगेच हो म्हटलं. ७ डिसेंबर ठरला. उद्यापासून रोज पहाटे चालणे.

१७ नोव्हेंबर
थंडी फार. उद्यापासून.

२० नोव्हेंबर
चालण्याआधी सामान हवं, हे लक्षात आलं. ऑफिस सुटल्यावर रामदासपेठेतल्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, किती दिवसांचा ट्रेक? म्हटलं, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. त्याने छोटी सॅक पुढे केली. तरी सर्वांत मोठी सॅक घेतली. बूट आणि तंबूही. माणसाने तयारीत असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार
तंबू हॉलमध्ये लावून पाहिला. उत्तम उभा राहिला. घडी होत नाही. उत्तरा म्हणाली, "अहो, मले टीव्ही दिसून नाही राहिला." बायकोला आउटडोअरची आवड आधीपासून कमीच.

२६ नोव्हेंबर
तंबू हॉलमध्येच. सासरे, म्हणजे नानाजी, गावाहून आले. दुपारी त्यातच झोपले. म्हणाले, मच्छर नाही लागत. चला, वस्तू पारखून घेतली होती तर.

३० नोव्हेंबर
चालणे: एकदा. दूध आणायला. जुन्या चपलेत. अदिती म्हणते, नवे बूट आधी पायात रुळू द्या. म्हणजे ट्रेकच्या दिवशी जुने दिसतील.

६ डिसेंबर, संध्याकाळ
सॅक भरली. दोरी, छत्री, दोन स्वेटर, गॅसची छोटी शेगडी, पातेलं, पाण्याच्या सहा बाटल्या. उत्तराने विचारलं, "काहून एवढं भरून राहिले? तिथंच राहायले चालले का?" पहाडात काहीही होऊ शकतं, असं तिला समजावलं. सॅक पाठीवर घेतली आणि मागच्या मागे पलंगावर बसलो. बॅलन्सचा प्रश्न आहे. चढावर जमेल.

७ डिसेंबर
चढ सुरू व्हायच्या आधीच दोन्ही टाचा सोलल्या. अदितीला म्हटलं, जरा निसर्ग पाहतो. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, माझी सॅक स्वतःच्या पाठीवर घेतली. अर्ध्यात मी एका दगडावर बसलो, तो बसलोच. म्हटलं, तू जाऊन ये वर. म्हणाली, "आपण दोघं म्हणून आलो ना, बाबा." झाडांच्या वर किल्ल्याची भिंत दिसत होती. तिने एकदाच तिकडे पाहिलं. मग माझ्या टाचांना पट्टी लावली. पट्टी तिच्या पर्समधली. माझ्या सॅकमध्ये तेवढी नव्हती. तिथंच डबा खाल्ला, उतरलो.
किल्ला तसाही खालूनच भव्य दिसतो.

१४ डिसेंबर, रविवार
अदिती आणि उत्तरा पहाटेच्या बसने त्याच किल्ल्यावर गेल्या. मला काल कळलं. उत्तरा म्हणाली, तुमचे पाय दुखून राहिले, तुम्ही आराम करा. सोबत पाण्याची एक बाटली आणि पराठे. बस.
दहाच्या सुमारास वरून अदितीचा फोन आला. "बाबा, इथून तलाव दिसून राहिला. तुम्ही पाहिजे होते." मग विचारलं, काय करून राहिले? म्हटलं, सकाळचं चालणं सुरू आहे. तेवढ्यात पोहेवाल्याने विचारलं, काका, पोह्यांवर तर्री अजून टाकू का?
मी घाईने फोनवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "सावकाश चाला, बाबा."