पाचवं बटण

३ जून
आज पहिला डबा! पुतणी फोनवरून कॉम्प्युटरची भाषा शिकवते, जावास्क्रिप्ट — "काकू, व्हेरिएबल म्हणजे डबा. वर नावाची चिठ्ठी, आत वस्तू." एवढंच? मग मी जन्मभर जावास्क्रिप्टच करत आलेय की! दुपारभर फडताळासमोर उभी राहून डब्यांना नावं देत होते. जरा डोळा लागला, तर स्वप्नातही कंस तरंगत होते.

५ जून
झटका आला त्याला पाच महिने झाले. ह्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. "समजतं सगळं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मनच उठत नाहीये." पाटी पुढे केली की तोंड फिरवतात. छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस!
म्हणून हा खटाटोप. पडद्यावर बटणं असतील, डाव्या बोटानं दाबायची, यंत्र बोलेल. नाहीच दाबली तर? भीती वाटते.

१२ जून
यादी झाली! चौकोनी कंसात चार शब्द — पाणी, भूक, दुखतंय, दिवा. प्रत्येकाला अवतरणचिन्हं, मधे स्वल्पविराम. हे शेजारी होते. बघत होते की नुसते बसले होते, देव जाणे.

१३ जून
चार शब्दांची पाच बटणं आली! पाचव्यावर ‘अनडिफाइंड’. पुतणी हसून हसून बेजार — "अगं काकू, इथे मोजणी शून्यापासून! शून्य ते चार म्हणजे पाच; एक फेरी जास्त मारलीस. पाचवा डबा मागतेस, पण आत काही ठेवलंच नाहीस."
दुरुस्त करणार होते, पण ऊन नेमकं त्या बटणावर येऊन बसलं होतं. राहू दिलं. अजून ठेवलेलं नाही, एवढंच — ह्यांच्याकडे बघत किती वेळ पुटपुटत होते.

१९ जून
एकही बटण दाबलं नाही.

२० जून
आज मी चिडले. "अहो, तुमच्यासाठी म्हातारपणी पाटी-पेन्सिल घेतली मी!" ह्यांनी नुसतं बघितलं. पूर्वी एवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. वर्तमानपत्राची घडी चुकली तरी आमची तासभर जुंपायची. त्या भांडणांची आठवण येऊन रडले. ह्यांच्यासमोरच.

२१ जून
बाजारातून आले तर पाचव्या बटणावर ‘अनडिफाइंड’ नाही. यादीत मी न लिहिलेला एक शब्द — अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. ह्यांनी डावं बोट उचललं, दाबलं.
यंत्र म्हणालं, "भांडूया."