ह्यांना चावता येईल असं मटण

रवि. १२ जाने.
आज मटण आणलं. मानेचं, ते पण जून बोकडाचं. मांडीचं आता परवडत नाही आपल्याला. कुकरला पाच शिट्ट्या, वर दोन, मग आणखी दोन. ह्यांनी एक फोड तोंडात घातली, नवी कवळी कटकट वाजली, फोड काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी. अशा सात फोडी ओळीने कडेला. जेवले नाहीत.

सोम. १३
दवाखाना. ह्यांना काट्यावर उभं केलं. बेचाळीस किलो. दिवाळीत तो मोठा ताप आला त्याच्या आधी छप्पन होते. डॉ. म्हणाले, मासी, तीन आठवडे बघतो, चाळीसच्या खाली गेले तर नाकातून नळी घालून खायला द्यावं लागेल. हे तिथेच बसलेले, सगळं ऐकत होते. रिक्षात म्हणाले, "नळी नको."
मी म्हटलं, मग खाणार काय?
"मटण."
खिचडी बघून तोंड फिरवतात, मुगाचं पाणी बघून डोळे मिटतात. मी म्हटलं खिमा करते, चावायला नको. तर म्हणे, "खिमा म्हणजे दुसऱ्यानं चावलेलं. मला फोड पाहिजे." आता अशा माणसाला काय बोलायचं.

बुध. १५
वासी उत्तराण, संक्रांतीचा दुसरा दिवस. गच्चीगच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांचा कालवा. ह्यांनी खिडकीतून वर पण पाहिलं नाही. हेच ते, चाळिशीपर्यंत बोटाला मांजाचे चीर घेऊन हिंडायचे.
रेवाचा फोन आला, तोंड दिसतं तो. माझी नात अहमदाबादला हॉटेलच्या स्वयंपाकाचं कॉलेज करते! पांढरी उंच टोपी घालून उभी होती. इतकी गोड दिसते, मी फोनचाच पापा घेतला, काचेला तेल लागलं. आमच्या घराण्यात चौथीच्या पुढे मी पण गेले नाही आणि ही परीक्षा देऊन पोळी लाटते. हसायला आलं.
तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, बाहेरच्या देशात स्टेक खातात ना, जाड तुकडा भाजून, त्यात पण स्वस्त भाग चिवटच असतो. ते लोक आदल्या दिवशी मीठ लावून ठेवतात. मंद आचेवर शिजवतात. आणि कच्ची पपई लाव, पण अर्धाच तास हं, आजी."
पपई शेजारच्या शारदाबेनकडून मागून आणली. ती शुद्ध शाकाहारी, तिला काय सांगणार. संभारो करायचाय म्हटलं, ती पपईची परतलेली कोशिंबीर.

शुक्र. १७
अर्धा तास कसला, एवढ्या चिवट मानेला? मी रात्रभर लावून ठेवली पपई. म्हटलं जास्त तेवढं बरं. सकाळी तपेलीत बघते तर लगदा. हाड एकीकडे, बाकी पेज. वाढलं तरी. ह्यांनी चमचा फिरवला, बघितलं माझ्याकडे. "केलास ना शेवटी खिमा? फसवतेस मला?" ताट सरकवलं.
मागच्या दारी बसून रडले थोडी. शा.बेन कपडे वाळत घालत होती. "संभारो केवो थयो, बेन?" मी म्हटलं, सरस. तर म्हणते, "लसण-आदुवाळो संभारो आज पहेली वार सूंघ्यो!" आणि हसत आत गेली. आलं-लसणाचा वास गेला होता तिच्यापर्यंत, चोरी पकडली गेली. मला पण हसू फुटलं, रडतारडताच. मग परत ते ताट दिसलं.

रवि. १९
काल मीठ लावून ठेवलं, आज कोळशाच्या सगडीवर चार तास. डोळे गेले धुराने. फोड मऊ, बोटाने दबत होती. मला वाटलं जमलं. पण तोंडात घातल्यावर दोरेच दोरे. कवळीत अडकले. अर्धा तास आरशापुढे काडीने काढत बसले हे. परत जेवायला आलेच नाहीत.
ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडून दिलं. दुसरं.

बुध. २२
सिरका लावून पाहिला. आंबट ढाण. कुणी खाल्लं नाही, मी पण नाही. देवापुढे बसले, पण काय मागायचं तेच सुचेना. ह्यांना भूक दे म्हणू, का मला अक्कल दे म्हणू. सोम-गुरु-शनि आपल्यात खायला चालत नाही, म्हणजे हातात दिवस किती उरले.
भिंतीकडे तोंड करून झोपतात. पाठीचे मणके सदऱ्यातून दिसतात.

रवि. २६
आज भांडले. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.
आमच्यात मटण पुरुषांनी कापायचं. ह्यांचे आजोबा महाराज सरकारच्या फौजेत, तेव्हापासूनची पद्धत. बायकांनी धुवायचं, वाटण वाटायचं, शिजवायचं, सुरीला हात नाही. एक्कावन्न वर्षं मी लावला नाही. ह्यांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून दुकानातूनच तुकडे करून आणते, तो भाई कुऱ्हाडीने पडेल तसे पाडतो.
आज मानेचा अख्खा गोळा आणला, हाडं काढून, आणि सुरी घेऊन बसले. हे खाटेवरून बघत होते.
"असं नाही."
"मग कसं?"
"बायकांचं काम नाही ते."
"मग उठा आणि कापा!"
असं मी जन्मात बोलले नव्हते ह्यांना. मला वाटलं आता दोन दिवस अबोला. तर उठले. भिंत धरत धरत आले, पाटावर बसले. सुरी घेतली, धरवेना, खाली ठेवली. मग बोट लावून दाखवलं. "हे दोरे बघ. कसे चाललेत?"
"उभे."
"मग सुरी आडवी घाल. दोरा तोकडा झाला की दाताला लागत नाही. बारीक काप, तिरकं."
मी विचारलं, हे पंधरा दिवस का सांगितलं नाहीत?
"तू विचारलंस कुठे?"
असा राग आला. आणि खरं पण होतं ते.
पपई घड्याळ लावून अर्धा तास. मग मंद आच. ताटात फोड फोडीसारखी राहिली. ह्यांनी तीन खाल्ल्या. कवळी वाजली नाही. तिसरी गिळल्यावर म्हणाले, "मीठ कमी." मी आत जाऊन रेवाला फोन लावला, म्हटलं ऐक गं पोरी, आजोबांनी खोड काढली!

बुध. २९
पाच फोडी.

शुक्र. ३१
परत कणकण. चहा सुद्धा नाही. सकाळी आडव्या कापून ठेवलेल्या सगळ्या तशाच, शा.बेनच्या दारातल्या कुत्रीला घातल्या. आठ फोडींनी काय होणार. उगाच नाचले मी.

रवि. २ फेब्रु.
ताप उतरला. दोन फोडी खाल्ल्या, तिसरी तोंडात धरून बसले. गिळा म्हणायचा धीर झाला नाही. उद्या काटा.

सोम. ३
दवाखान्यात बसून लिहिते. नंबर अकरा, आता नववा आत आहे.
निघताना कुलूप सापडेना, ते मोठं पितळी. घर पालथं घातलं. शेवटी शा.बेनला ओट्यावर बसवून आले. आणि ह्यांनी एवढ्या उन्हात लोकरीचा कोट घातला. काढा म्हटलं तर, "थंडी आहे." पायात बूट. किती वर्षांनी.
इथे बाकावर टेकले तर कोटाच्या खिशातून ठणकन पितळेचा आवाज आला. खिसा खाली लोंबतोय. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं. दोघं पण समोरच्या कॅलेंडरकडे.
नळी नको म्हणाले होते. मला वाटलं होतं, ह्यांना काहीच नको.
दहावा आत गेला. पेनबिन ठेवते आता. खिशाचा फुगा दिसू नये म्हणून माझी ओढणी त्यांच्या हातावर टाकलीय, शाल असल्यासारखी, आणि काट्यावर चढवताना डॉ.ने कोट काढा म्हटलं तर मी काय