भाकरी होईपर्यंत थांबलेलं पाणी

प्रिय बुश्रा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझ्या नवऱ्याचे मामा एडनला निघालेत त्यांच्याजवळ हे पत्र देते आहे. तू रुसलीस ते बरोबरच आहे. पहिलं बाळंतपण आईकडे ही आपल्या डोंगराची रीत, आणि मीच तुला सांगितलं, येऊ नकोस, तिथेच राहा. तुझ्या सासूबाईंनी त्यावर काय टोमणा मारला असेल तो मला न ऐकताही पाठ आहे. पण पत्र फाडण्याआधी इथली हकिकत वाच.

पावसाळ्यात टाक्यात डोंगरावरची सगळी घाण उतरली, हे तुला ठाऊक आहे. युद्धामुळे ताइझ शहरातून पळून आलेली कुटुंबं शाळेच्या खोल्यांत राहतात, पहिला कॉलरा तिथे झाला. मग आपल्या आळीत. औषधाची गाडी खालच्या नाक्यावर अडकलेली. तेव्हा तुझी धाकटी बहीण अफनान आणि तिच्या नववीच्या वर्गातल्या मुलींनी कंबर कसली. त्यांच्या विज्ञानाच्या बाई, इंतिसार, त्यांनी वर्गात शिकवलं होतं की मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की पाणी शुद्ध करणारं औषध तयार होतं. पुस्तकातलं चित्र पाहून पोरींनी जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या काढल्या, गच्चीवरच्या सौर पट्टीला तारा जोडल्या आणि बादलीत बुडबुडे काढत बसल्या. मला वाटलं, परीक्षेला हे विचारणार नाहीत आणि घर मात्र पेटवतील.

औषध झालं. पण पाण्याला धुण्याच्या बादलीसारखा वास. कॉफीच्या सालींचा किशर उकळावा तर घोट गिळवेना. शेजारची हज्जा मुसईदा, तुला माहीतच आहे तिचं तोंड, ती अफनानला म्हणाली, “अगं ए, मी काय मळका सदरा आहे का, मला आतून धुवायला निघालीस?” सगळ्या बायका हसल्या आणि पाणी ओतून दिलं. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पोरींची तोंडं एवढीशी झाली.

मग त्यांनाच युक्ती सुचली. आपण माठ लोबानाच्या धुरावर पालथा धरतोच की, पाण्याला सुवास यावा म्हणून. पोरींनी घरोघरी सांगितलं, धुरी दिलेल्या माठात पाणी भरा आणि त्यातच औषधाचे थेंब टाका, वास कळणारसुद्धा नाही. खरंच कळला नाही. हज्जा दोन पेले प्यायली आणि म्हणाली, “हे पाणी म्हणावं. ते तुमचं आधीचं गाढवाला पाजा.” आठवडाभर सगळा गाव अफनानचं कौतुक करत होता आणि मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, मान जरा ताठ करूनच टाक्यावर जात होते.

आणि मग हज्जाच्याच घरी तिची नात आजारी पडली. पाठोपाठ आणखी तीन घरं, सगळी धुरीवाली. जे तोंडभरून कौतुक करत होते त्यांनीच म्हणायला सुरुवात केली की पोरींनी पाणी बिघडवलं. एकाने तर तुझ्या बाबांना टाक्यावर अडवून विचारलं, “मुलीला शिकवून गाव मारायचाय का?” बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. अफनान कोपऱ्यात बसून रडली, नंतर उठली आणि शाळेतून एक बाटली घेऊन आली. त्यातलं आयोडाइडचं मीठ आणि भाताची पेज पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, म्हणजे औषध अजून जिवंत आहे. थेंब टाकलेल्या कॅनमधलं पाणी निळं झालं. तेच पाणी, तेवढेच थेंब, पण धुरीच्या माठातलं, ते पांढरंच राहिलं. मी म्हटलं, पेज खराब असेल. तिने पुन्हा केलं. पुन्हा पांढरं. धुराची काजळी माठाच्या पोटाला बसलेली असते ना, तीच औषध खाऊन टाकत होती. जंतू मरायच्या आधीच औषध मरत होतं.

धुरी सोडा म्हणून सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, हे पोरी तोवर शिकल्या होत्या. त्यांनी फक्त क्रम बदलला. थेंब कॅनमध्ये टाकायचे, तंदूरमधल्या सगळ्या भाकऱ्या होईपर्यंत कॅन तसाच ठेवायचा, आणि मग पाणी धुरीच्या माठात ओतायचं. माठावर झाकण, आत हात बुडवायचा नाही. हे सांगायला अफनान पहिल्यांदा हज्जाच्याच दारात गेली. मी मागे उभी, शिव्या झेलायच्या तयारीने. हज्जा नातीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीकडे बघून म्हणाली, “माझ्या भाकऱ्या जाड असतात बाई, वेळ लागतो. चालेल ना?” मला हसूही आलं आणि रडूही.

नात बरी झाली. त्यानंतर आळीत नवा आजारी नाही. नाक्यावरची गाडी आली, शाळेच्या अंगणातला आजाऱ्यांचा तंबू परवा उतरवला. जिवात जीव आला, बुश्रा. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती. याच घरात, अशाच पावसाळ्यात. चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत जुलाबांनी गेली. कशाने, ते तेव्हा कुणालाच कळलं नाही. तुझं नाव आधी तिचं होतं. तू ‘येऊ का’ विचारलंस तेव्हा मला ती दिसली, म्हणून नाही म्हटलं, आणि कारण सांगायला तोंड उघडेना. आता भीती वाटत नाही. मामांची गाडी परत इकडेच यायची आहे. तिच्यात बसून ये.

वाट बघणारी, तुझीच
आई