किल्ल्यातला कामाचा तक्ता

४ तारीख, मंगळवार

सव्वीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. नोकरी संपली, पण रोज अर्धं पान लिहायची सवय गेली नाही. एरवी त्यात दूधवाला उशिरा आला आणि गुडघा दुखला यापलीकडे काही नसतं. आज मात्र मजा आहे.

बस घाटात धुक्यात शिरली आणि बंद पडली. शेवटच्या टप्प्यात उतारू मी एकटीच. ड्रायव्हरने इंजिन उघडून पाहिलं, चाकाला लाथ मारून पाहिली आणि म्हणाला की बाई, गाडी रुसलीय, आता तिची समजूत काढणारा कुणी शोधू. दहा मिनिटं चाललो तर समोर किल्ला! पडका नव्हे, चांगला धडधाकट. दोन बुरूज, मधे हत्ती जाईल एवढा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती दुमजली खोल्या. दरवाज्यात एक म्हातारा पहारेकरी होता. आम्हाला बघून तो बाजूला सरकला.

मला मिळालेली खोली ऐसपैस आहे. गादी झटकली तर कणभर धूळ नाही. जेवायला बसलो तर ज्याच्या त्याच्या ताटात त्याच्या घरचं जेवण. कोण वाढून गेलं ते दिसलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, अगदी आमच्या हिच्या हातचं आहे, मीठसुद्धा तेवढंच कमी. मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

धाकट्या बहिणीला आणायला निघाले आहे. वीस तारखेच्या आत पोचायचं आहे. एक दिवस इथे गेला तर काही बिघडत नाही.

५ तारीख

बिघडलं आहे. रस्ताच नाही.

दरवाज्याबाहेर तीस पावलांवर धुकं लागतं. त्यातून नाकासमोर चालत राहिलं की माणूस पुन्हा याच दरवाज्यात येतो. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा दगडावर खडूने फुली करून गेले होते. फुली समोरच होती.

आमच्यासारखे अडकलेले आणखी अकरा जण आहेत आणि ते आपल्याकडचे नाहीत. त्यांतली एक शिंपीण म्हणते, तिच्या गावाला दोन चंद्र आहेत. मी तिला तीनदा उलटसुलट विचारलं. सव्वीस वर्षांत मुलींचं खोटं मला चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं. ही खोटं बोलत नव्हती. तिचे ओठ हलतात एका तऱ्हेने आणि मला ऐकू येते माझी भाषा. एक मोजणीदार आहे, जमिनी मोजणारा. त्याची सावली दिव्याच्या बाजूला पडते. त्याला ते सांगितलं तर तो रागावला. म्हणाला, तुमचीच उलटी पडते.

पहारेकऱ्याने दरवाज्याचा प्रकार समजावला. रोज दुपारी एकदा घंटा आपोआप वाजते आणि कधीकधी दरवाजा धुक्याऐवजी दुसरीकडे उघडतो. आत बसलेल्यांपैकी ज्याचा जीव घरासाठी सगळ्यांत जास्त तुटत असेल, त्याच्या घराकडे. एक जेवण उरकेल इतका वेळ तो उघडा असतो. परक्याच्या जगात पाऊल टाकायचं नाही. एकाने टाकलं, तर चार पावलांत तो ओल्या कागदासारखा विरला म्हणे.

मी विश्वास ठेवला नसता. पण आज दुपारी घंटा झाली आणि दरवाज्यात एक तांबूस वाळूचं मैदान आलं. आम्ही यायच्या आधीपासून उंबऱ्यावर बसून रडणारा गवंडी उठला आणि एक चप्पल इथेच टाकून पळत सुटला. पलीकडे त्याची म्हातारी आई धापा टाकत येत होती. तिने आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग मिठी मारली.

ड्रायव्हरचं गाव आणि माझं गाव एकाच जगातलं. म्हणजे त्याचं दार उघडलं तरी माझं काम होईल.

६ तारीख

धाकटीबद्दल इथे लिहून ठेवते. एकतीस वर्षं ती मनोरुग्णालयात आहे. ठेवताना सही माझी होती, आई-वडील तेव्हा राहिले नव्हते. रुग्णालय बंद होतंय. वीस तारखेपर्यंत सही करणारा नातेवाईक स्वतः आला तर घरी न्यायला देतील. नाही आला तर तिला दूरच्या संस्थेत हलवतील, आणि तिथून मग माणूस बाहेर येत नाही. पत्र आलं त्या दिवशीच मी तिच्यासाठी पलंग घेतला.

७ तारीख

इथली अवस्था बघवत नाही. सगळे दिवसभर दरवाज्यापाशी बसून असतात. अंघोळ नाही, केस विंचरणं नाही. रडतात, उंबऱ्याजवळच्या जागेवरून भांडतात. काल शिंपीण मोजणीदाराला चावली. ताटं तशीच पडतात, चादरी रोज सकाळी मळलेल्या निघतात, दिवे काजळलेले.

अशा गोठ्यात मला राहता येणार नाही. मी तक्ता केला. शिंपीण: पडदे. ड्रायव्हर: जिन्यातले दिवे. मोजणीदार: खोल्या मोजून नकाशा. बाकीच्यांत झाडलोट आणि ताटं वाटून दिली. चादरींचं कपाट माझ्याकडे. हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम. ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुमच्या मुली पळून कशा नाही गेल्या? मी सांगितलं, दोघी गेल्या होत्या, दोघींना बस स्टँडवरून कानाला धरून आणलं.

पहारेकरी तक्त्यापुढे बराच वेळ उभा राहिला. काहीतरी सांगायचं होतं त्याला. मी म्हटलं, वाट अडवू नका.

९ तारीख

दोन दिवसांत जागा ओळखू येत नाही. चौक लख्ख आहे. रडारड थांबली. शिंपीण शिवताना गुणगुणते. मोजणीदाराने तिची माफी मागितली, खरं तर चावली ती होती.

दरवाजा काल आणि आज नुसत्या धुक्यात उघडला. होतं असं कधीकधी, असेल.

११ तारीख

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

घंटा झाली तेव्हा मी वरच्या मजल्यावर चादरी मोजत होते. खालून पहारेकरी ओरडला की ड्रायव्हरची गल्ली आलीय, लवकर या. खिडकीतून मला दिसली. सायकल दुरुस्तीचं दुकान, निळं फाटक, फाटकात कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक बाई. आमचंच ऊन. फिकट होतं सगळं, पण होतं.

ड्रायव्हर जिन्यात अठराव्या दिव्याची काच पुसत होता. एकूण चोवीस आहेत. तो म्हणाला, आलोच, सहाच राहिलेत. आणि मी म्हणाले, हो, पुरे करा, मीही एवढा गठ्ठा संपवते.

मी असं म्हणाले.

आम्ही खाली आलो तेव्हा धुकं होतं. पहारेकरी डोकं धरून खाली बसला होता. ड्रायव्हर म्हणाला, उद्या बघू. मीसुद्धा म्हणाले, उद्या बघू. कुणी आवाज चढवला नाही. मग सगळे जेवले.

जेवणाला चव नव्हती. वाईटही नव्हतं.

१२ तारीख

सकाळी चहाची किटली हातात धरून चौकभर फिरले. खाली ठेवली तेव्हा तळव्याची कातडी किटलीला राहिली. दुखलं नाही. अजूनही दुखत नाही. फडकं बांधून चादरी लावल्या.

१३ तारीख

शिंपिणीला जेवायला बोलावलं, ती उठेना. जवळ जाऊन पाहिलं. डाव्या हाताची तीन बोटं पडद्यात शिवली गेली आहेत. टाके बारीक आणि सारखे. रक्त नाही. मी म्हटलं, अगं, हे काय? तिने पाहिलं आणि म्हणाली, किनार सरळ आलीय ना?

सरळ आली होती. तसं मी तिला सांगितलं.

तिला एक तान्हं मूल आहे. पहिल्या दिवशी त्याच्याबद्दल सांगताना तिचं दूध पाझरून चोळी ओली झाली होती. आज विचारलं, मूल कुणाजवळ आहे? ती म्हणाली, कुणाचं?

१५ तारीख

दरवाजा आज किल्ल्यातच उघडला. म्हणजे दरवाज्यातून आमचाच चौक दिसत होता, आणि त्या चौकाच्या टोकाला दरवाजा, त्यात पुन्हा चौक.

मोजणीदाराला विचारलं, किती खोल्या झाल्या. म्हणाला, काल चारशे, आज सहाशे, रोज वाढतात, काम पुष्कळ आहे. खूश दिसला. त्याला सावली राहिलेली नाही, कुठल्याच बाजूला.

पाच दिवस राहिले. हे वाक्य लिहिलं आणि पोटात काहीच हललं नाही.

१६ तारीख

पहारेकऱ्याला गाठून बसवलं. त्याने सांगितलं ते इतकंच. तोही अडकलेलाच. नुसतं बसून रडण्यापेक्षा निदान दार तरी सांभाळावं, असं त्याला वाटलं. त्या दिवसापासून त्याचं घर आलं नाही. इथे ज्याने काम धरलं तो इथला झाला. जीव तुटायचा थांबतो, मग बाकीचंही थांबतं.

मी म्हटलं, मग आधी बोलला का नाहीत? तो म्हणाला, बोलायला आलो होतो, तुम्ही म्हणालात वाट अडवू नका.

मी येण्याआधी दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी घरी जात होतं. मी आल्यापासून एक गवंडी. तोही तक्ता होण्याआधी.

१७ तारीख

तक्ता फाडला. चौकात उभं राहून, मुलींवर ओरडायचे तशी ओरडले. काम टाका, दरवाज्यापाशी बसा, रडा. त्यांनी ऐकून घेतलं. मग झाडू पुन्हा सुरू झाला.

ड्रायव्हरला ओढायला गेले. चोविसाव्या दिव्यापाशी उभा आहे. हात भिंतीत मनगटापर्यंत. दगड आणि कातडी यांत सांधा नाही. मी त्याच्या बायकोचं नाव घेतलं, तोच सांगत असे ते. त्याने छान ऐकलं. म्हणाला, बाई, उजेड बरा पडतोय ना.

१८ तारीख

दरवाज्यापाशी बसले आहे. काम हातात घ्यायचं नाही. फक्त ही वही.

हात चाळवतात. उंबऱ्यावरचा केर दिसतो —

१९ तारीख

रडू येत नाही. धाकटीचा चेहरा आणायला गेले तर चादरींचा आकडा येतो. म्हणून जे कधीच लिहिलं नाही ते लिहिते.

तिला मी कुणाच्या तरी लग्नाला जायचंय सांगून नेलं होतं. तिने आईचे कानातले घातले. माझी सही होत असताना ती बाकावर पाय हलवत बसली होती. मी निघताना तिने विचारलं, ताई, किती वाजता येशील? मी म्हटलं, पाच वाजता. ती हसली. मी वळून पाहिलं नाही. कारण —

कारण मला हायसं वाटलं होतं.

आता दुखलं. थोडं. बरगडीखाली. पुन्हा लिहिते. हायसं वाटलं. एकतीस वर्षं. हायसं —

२० असावी

घंटा.

लांब कॉरिडॉर. हिरवट भिंती. आमचं ऊन. दोन शिपाई सामान बांधतायत. बाकावर एक म्हातारी. केस कापलेले. पाय हलवतेय.

मी हाक मारली. आवाज निघाला.

तिने पाहिलं. उठली. मी म्हटलं, थांब, मीच येते, तू येऊ नकोस. ती यायला लागली. तिने कधी माझं ऐकलंय —

आत आली. माझ्याजवळ बसली. हाताला साबणाचा वास. ताई म्हणाली. एवढंच.

दार उघडं आहे. दहा पावलं. तिचा हात धरून उठायचं, बस्स.

पहारेकरी खुणा करतोय. उठा, उठा.

शेजारी कुणीतरी आजच्या चादरी आणून टाकल्यात. धाकटीने एक घडी घालायला ओढून घेतली. म्हणाली, तिथे मी हेच करायची, रोज, चांगल्या करायची. मला तिच्या हातातून घ्यायला हवी होती. मी दुसरं टोक धरलं.

तिच्याकडे टोक जरा खाली आहे. कोपरा जुळत नाही. दार अजून उघडं आहे, दिसतंय मला, शिपाई दिसतायत, ऊन — एवढी एक नीट करते आणि दोघी