सत्तावीस सेकंद सरळ

९ जुलै, मंगळवार. इनारी तलाव, फिनलंड

घडलं ते असं :
१. होडीत तिघं – बाबा, मी आणि माझ्या भावाची, यार्क्कोची, मुलगी हिल्ला. वय सात.
२. मागे चार गळ सोडलेले. सुकाणूवर तासातासाची पाळी. दोनपर्यंत माझी, दोननंतर बाबांची.
३. दोन वाजून तीन मिनिटांनी होडी खडकाला घासली. इंजिनाचं पातं वाकलं. हिल्ला आपटली, ओठ फुटला.
४. मी पाहिलं तेव्हा सुकाणूवर बाबांचा हात होता.
५. बाबा एक शब्द बोलले नाहीत.

तो खडक त्यांना चाळीस वर्षं माहीत आहे.

१० जुलै

होडीतल्या नकाशायंत्रात मार्गाची नोंद राहते. ती आज लॅपटॉपवर घेतली.

गळ ओढताना बाबा होडी कधीच सरळ नेत नाहीत. सतत नागमोडी. वळणावर बाहेरच्या गळाचा पितळी चमचा पळतो, आतला खाली बसतो, आणि त्या बदलालाच ट्राउट मासा भुलतो. लहानपणी माझा हात जरा स्थिर झाला की ओरडायचे, “सरळ जायचंय? मग डांबरी रस्त्यावर जा!”

नोंदीत सगळीकडे वळणं आहेत. फक्त १४.०२.३१ ते १४.०२.५८ – पट्टीने आखल्यासारखी रेघ. खडकापर्यंत.

सत्तावीस सेकंद सुकाणूवर कुणी नव्हतं. म्हणजे माणूस बसलेला होता, पण नव्हता.

सुकाणूचा दांडा त्यांच्या हाती दिल्याचं मला नेमकं आठवत नाही. पण दोन वाजून गेले होते. म्हणजे दिलाच.

पाणी अकरा अंश. जॅकेटमुळे मूल तरंगेल. गारठायचं थांबणार नाही. आणि हिल्ला रोज सकाळी त्यांच्याबरोबर जाते!

११ जुलै

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, पायरीवर यार्क्कोला सांगितलं.

“बाबांना? अगं, परवा एकट्याने बर्चचं झाड पाडलं त्यांनी.”
“सत्तावीस सेकंद, यार्क्को.”
“तू माणसंसुद्धा मीटर लावून तपासतेस. तुझ्या मोबाइल टॉवरवरच्या अँटेना आहेत का ते?”

पण हसला नाही. हिल्लाच्या ओठाकडे बघत राहिला.

मग मी स्वतःच गेले. बाबा धक्क्यावर साल्मन साफ करत होते – तीन किलोचा, या उन्हाळ्यातला पहिला.

“बाबा, हिल्लाला यापुढे तुमच्याबरोबर पाठवायचं नाही.”
सुरी थांबली. “बरं.”
“आणि डॉक्टरकडे जायचं.”
“कुणी?”
“तुम्ही!”

सुरी पुसून ठेवली. मग म्हणाले, “कॉफी गार होतेय, पोरी.”

लाकडांच्या खोपटामागे हिल्ला रडत होती. “आजोबांनी काहीच केलं नाही, आत्या!”
“मुद्दाम नाही केलं त्यांनी,” मी म्हटलं.
तिने मला ढकललं आणि पळाली.

१२ जुलै

बाबा धक्क्यावर बसून. होडी बांधलेली. ही माझी करणी.

१३ जुलै, शनिवार

डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात. पुरावा हवा. म्हटलं, चला, आपण दोघंच जाऊ.

“चल. पण सुकाणू माझ्याकडे.”
“पाळीपाळीनेच. नेहमीसारखं.”

बाबांनी माझ्या जॅकेटची चेन स्वतः हनुवटीपर्यंत ओढली. मला एकोणतिसावं चालू आहे!

पुढच्या फळीला फोन चिकटवला, कॅमेरा चालू, तोंड सुकाणूकडे. त्यांना कळू दिलं नाही. चोरट्यासारखं वाटलं. चार तास पाण्याकडे कमी, त्यांच्या डोळ्यांकडे जास्त पाहिलं. ते खडकांची नावं घेत होते, एकही चुकलं नाही. दोन ट्राउट. माझ्या पाळीतही मागच्या फळीवर मला अगदी खेटून बसले. थंडी वाजत असेल म्हणून माझा स्वेटर दिला. घेतला नाही.

डोळ्यांत कुठेही रिकामेपण दिसलं नाही. तरी भीती जात नाही. उलट वाढली आहे – न दिसता येणारी गोष्ट असेल तर?

१४ जुलै, रविवार

चित्रण पूर्ण पाहिलं. तीन वेळा.

११.४२ला सुकाणूवर मी आहे. मान ताठ, डोळे उघडे. दांडा हलत नाही. एकोणीस सेकंद. बाबा माझ्या हातावर आपला हात ठेवतात आणि होडी वळवतात – डावीकडे, मग उजवीकडे. मी पापणी हलवते तेव्हा हात काढून घेतात. मी लगेच म्हणते, “बाबा, लक्ष आहे ना तुमचं?” ते म्हणतात, “आहे.”

हिल्लाला विचारलं. ती म्हणाली, “मंगळवारी तूच चालवत होतीस. आजोबांनी उडी मारून सुकाणू धरलं. त्यांनी सांगितलं, ‘मी सांगेन आत्याला, तू नको.’”

बाबांना फोन दाखवला. म्हणाले, “तू टॉवरवर चढतेस. कसं सांगायचं, रोज ठरवत होतो.”

कंपनीच्या डॉक्टरना आत्ता पाठवलेलं पत्र :

“काही सेकंद माझी शुद्ध जाते. मला ते जाणवत नाही. मार्गाची नोंद आणि चित्रण सोबत जोडलं आहे. उद्यापासून मी टॉवरवर चढणार नाही, गाडीही चालवणार नाही. तपासणीची वेळ कृपया शुक्रवार, १९ जुलैपर्यंत कळवावी.”