लिमये बाईंच्या रेकॉर्डींना मी दिलेले गुण

५ जाने., सोम.

सरांनी लिमये बाईंच्या घरी पाठवलं. आमच्या कानांच्या क्लिनिकच्या मागच्याच गल्लीत, दुसरा मजला. वय अठ्ठ्याहत्तर, शाळेत गणित शिकवायच्या. दोन्ही कानांची यंत्रं १८ तारखेपर्यंत ट्रायलवर दिली आहेत. बोलणं उत्तम ऐकू येतं, गाणं मात्र बिघडलं, अशी तक्रार. सर म्हणाले, "गजानन, गाणं त्यांच्या घरी आहे, तेव्हा तूच जा. शांतपणे बस, ऐक, सेटिंग बदल, लिहून ठेव." गाण्यातलं मला काय कळतं? गावाकडे भजन, इथे मोबाईल.

"नमस्कार मॅडम" म्हणालो. "मॅडम इंग्रजीच्या असतात. बाई म्हणा."

काचेच्या कपाटात मोठ्या रेकॉर्डी, उभ्या, पुस्तकांसारख्या. कडेने धरायची, मधे बोट लावायचं नाही. मी हात धुतले, पुसले, परत धुतले. सहा वर्षं त्यांनी एकही लावली नव्हती. कान गेल्यापासून.

पहिली : पिवळं कव्हर, एक बुवा, राग यमन. (नावं लिहीत नाही, मला रंग लक्षात राहतो.) बुवा एकाच जागेभोवती फिरत राहतात, पत्ता माहीत असून मुद्दाम लांबून नेणाऱ्या रिक्षावाल्यासारखे. पण पोचल्यावर बरं वाटलं.

बाजू संपली तशी बाई म्हणाल्या, "कसं वाटलं?"

"छान."

"छान शेजारणीच्या उपम्याला म्हणतात. दहापैकी किती?"

"सहा."

"रीत दाखवा."

रिक्षावाल्याचं घाबरत सांगितलं. हसल्या नाहीत, पण चहा आला.

प्लेयर जुना आहे, मागे सारखा घूं-घूं आवाज येतो. मोटर असणार. बाईंना बोललो नाही, वाईट वाटेल. नॉइज कमी करायचं सेटिंग निम्म्यावर होतं, ते गुपचूप शेवटपर्यंत वर नेलं. आता पंखाही ऐकू येत नाही म्हणाल्या. बुवा मात्र अजूनही अधांतरी गातायत म्हणे. ते का, कळलं नाही.

६ जाने., मंगळ.

हिरवं कव्हर, गाणारी बाई, राग तोडी. सकाळचा राग आहे, असं बाईंनी सांगितलं. मला परीक्षेच्या दिवशीची सकाळ वाटली. पेपर अजून हातात नाही, बाहेर ऊन सुंदर. सात गुण. रीत : ती घाबरवते, पण खोटं काही सांगत नाही.

लिमये बाई डोळे मिटून ऐकत होत्या. अर्ध्यात सुई उचलायला सांगितली.

"ही कधी बेसूर होणाऱ्यातली नव्हे. यंत्राचा दोष नाही हो. माझीच सुराची समज गेली."

मी आवाज वाढवला, कमी केला, खालचे सूर वर आणले, वरचे खाली. काही उपयोग नाही. मग त्यांनी सांगितलं, सगळ्या रेकॉर्डी द्यायचा पुतण्याला शब्द दिलाय. शिरीष त्याचं नाव, बाणेरला कॅफे आहे. ट्रायलचा शेवटचा दिवस रविवार, त्या दिवशी खोकी घेऊन येणार. रेकॉर्डी भिंतीवर लावणार. "मधे भोक आयतंच आहे, काकू, खिळा ठोकायला सोयीचं, असं म्हणाला. व्यवहारी आहे. आमच्या घराण्यात नवीनच."

घरी येईपर्यंत बसमध्ये तोच खिळा डोळ्यांपुढे. वाघोली, माझा स्टॉप, येऊन गेली, दोन स्टॉप पुढे उतरलो.

८ जाने., गुरु.

काल सरांबरोबर कान तपासणीच्या कॅम्पला होतो, म्हणून जाणं झालं नाही. आज निळं कव्हर, परदेशी. पियानो, आणि ड्रमवर झाडूसारखं काहीतरी घासतात. गाणं नाहीच. मला वाटलं दहा मिनिटांत कंटाळा येईल, पण दुसरी बाजू मीच मागून घेतली. पियानोवाला वाक्य अर्धं सोडतो, आणि उरलेलं आपल्याला कळतं. आठ गुण.

आणि बाईंना स्वच्छ ऐकू आलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "साहेब सुरात, आणि आपलेच लोक तेवढे बेसूर. हे मला मान्य नाही. कुठेतरी हातचा राहिलाय."

सारखा तोच विचार. परदेशी रेकॉर्डमध्ये काय नाही, जे आपल्या रेकॉर्डीत आहे? तबला? तबला तर त्यांना ऐकू येतो, मांडीवर ठेका धरत होत्या.

९ जाने., शुक्र.

आज कोडं सुटलं. आनंद की भीती, दोन्ही.

संध्याकाळी स्टॉपकडे जाताना गाण्याच्या क्लासवरून गेलो. खिडकी उघडी. एक मुलगी एकटीच बसली होती, गात नव्हती, मोठा भोपळा असलेलं वाद्य मांडीवर उभं धरून तारा छेडत होती. एक, दोन, तीन, चार. परत एक. आणि तो आवाज म्हणजे बाईंच्या प्लेयरची मोटर.

खिडकीशी उभा राहिलो तर आतून एक गृहस्थ म्हणाले, "काय हवंय?"

"हे मागे कायम वाजतं का? प्रत्येक गाण्यात?"

"तंबोरा आहे तो. त्याच्याशिवाय गाणार कशाच्या आधाराने? प्रवेश घ्यायचाय का?"

"नाही."

"मग खिडकी सोडा. वारा अडतोय."

यंत्राला सारखा एकसुरी चालणारा आवाज कळला की ते त्याला पंखा समजतं, दाबून टाकतं. म्हणून निम्म्यावर असताना तंबोरा अर्धा गेला. उरलेला मी घालवला. मी.

अमोलला सांगितलं. (माझा रूममेट, आमच्याच गावचा, कंपनीत पॅकिंगला आहे.) तो कांदा चिरत होता. "काय बे गज्या, म्हातारीच्या गान्याचा पायाच काढला का तू?" आणि एवढा हसला की कांद्याचं पाणी कुठलं न् हसण्याचं कुठलं.

१० जाने., शनि.

क्लिनिक उघडायच्या आधीच बाईंकडे गेलो. आम्ही यंत्र तपासायला डॉक्टरांच्या नळीसारखी एक नळी वापरतो, तिला यंत्र जोडलं की त्यातलं आपल्याला ऐकू येतं. बाईंचं यंत्र जोडलं, यमन लावला. खरंच. बुवा एकटे, रिकाम्या मैदानात उभे. मागे काही नाही. मला स्वतःलाच कसंतरी झालं.

सेटिंग शून्यावर आणलं. परत ऐकलं. आला.

यंत्रं बाईंच्या कानात घातली, सुई पहिल्यापासून ठेवली. गाणं सुरू व्हायच्या आधी तंबोरा थोडा वेळ एकटा वाजतो, ही जागा मला सोमवारी 'बिनकामाची' वाटली होती. बाईंनी हात वर केला, जसं वर्गात गप्प बसायला सांगतात. बाजू संपेपर्यंत खाली घेतला नाही. मग चष्मा पुसला.

"कुणी घालवला होता?"

"अर्धा यंत्राने. अर्धा मी."

"का?"

"मोटरचा आवाज वाटला."

बाईंनी चष्मा परत चढवून माझ्याकडे पाहिलं. नोकरी गेली, असं मनात आलं. मग हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, मी पाणी आणलं, पाणी पिऊन परत हसल्या. "सहा वर्षं मी देवाला नावं ठेवली, आणि गेला आठवडा स्वतःला. तुमचं नाव यादीत नव्हतंच."

यमनचे गुण बदलले. सहाचे नऊ. रीत : बुवा लांबून नेत नव्हते, मला रस्ताच दिसत नव्हता.

१२ जाने., सोम.

सेटिंग शून्यावर ठेवलं तर खालचा रस्ता, शेजारचा मिक्सर, सगळं घरात येतं. म्हणून दोन वेगळे प्रोग्रॅम करून दिले, एक बोलण्याचा, एक गाण्याचा. बटण दाबलं की बदल. बाई दिवसभर गाण्यावरच ठेवतात. "बोलणारे लोक असेही फार काही सांगत नाहीत."

आज चार ऐकल्या. सरांना एकच सांगितली.

जांभळं कव्हर, गझल, दोन रेकॉर्डींचा संच. पहिली सुंदर. दुसरीत गाणारा तेच दुःख परत सांगतो. पहिलीला आठ, दुसरीला पाच. बाई म्हणाल्या सरासरी काढा. मी साडेसहा म्हणालो, तर म्हणाल्या दुःखाची सरासरी निघत नाही, ही तुमची परीक्षा होती. नापास.

पांढरं कव्हर, सतार आणि सरोद, जुगलबंदी. शेवटी दोघं इतके वेगात एकमेकांच्या मागे लागतात की मी खुर्चीच्या कडेला आलो. कोण जिंकलं, विचारलं. "तबलजी." दहा गुण. दहा देऊ नयेत हे मला माहीत आहे, पण दिले.

राखाडी, मराठी भावगीतं. आई पाणी भरताना गुणगुणते त्यांतलं एक निघालं. त्याला गुण दिले नाहीत. बाईंनीही विचारले नाहीत.

घरी उशीर. अमोल : "काहून बे, रोज गाने आयकाले जातं, आमाले बी आयकव ना." मोबाईलवर पियानो लावला. दोन मिनिटांनी म्हणाला, हॉटेलात जेवाले बसल्यावानी वाटते. हेही मतच आहे. रीत विचारली तर उशी फेकली.

१४ जाने., बुध.

संक्रांत. बाईंनी तिळगूळ दिला आणि लगेच भांडण झालं.

लाल कव्हर, नाट्यसंगीत. त्यांचे सर्वांत लाडके गायक. मला नाही आवडले. भीतीने आधी "सात" म्हणालो. "रीत?" रीत सांगता येईना. मग खरं सांगितलं : चार. प्रत्येक ओळीत टाळीची वाट बघतात, शब्द पोचायच्या आत तान टाकतात. तंबोऱ्यावर बसल्यासारखे नाहीत, तंबोऱ्यावर उभे राहिल्यासारखे वाटतात.

बाईंनी कव्हर उलटून पाहिलं. क्लिनिकचं गिऱ्हाईक, आज सणाचा दिवस, आणि मी कोण? बारावीनंतर शिक्षण सुटलेला.

"परत लाव," म्हणाल्या.

परत लावली. संपल्यावर : "चार कमी आहेत. सहा. पण टाळीचं खरं आहे. पन्नास वर्षं मीच ती टाळी वाजवत होते, म्हणून दिसलं नाही. घे, अजून एक लाडू घे."

लाव. घे. खाली उतरल्यावर लक्षात आलं की बाई मला 'तू' म्हणाल्या. बसमध्ये उभ्याने आलो, तरी काही वाटलं नाही.

१६ जाने., शुक्र.

एकच राहिली होती. सनई. तपकिरी कव्हर, कोपरे झिजलेले.

बाई म्हणाल्या, "बाकीच्या मी ऐकायचे. ही आम्ही ऐकायचो. दर रविवारी सकाळी, पोहे होईपर्यंत." बाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली.

सुई ठेवली. तंबोरा आला, सूर आला, आणि लांब सूर सुरू झाला की तो थरथरायला लागला. पाण्यातल्यासारखा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नळीतून ऐकलं, खरंच थरथरतो. यंत्राला तो लांब सूर म्हणजे स्वतःची शिट्टी वाटते, आणि ते ती मारायला धावतं. ते सेटिंग बंद केलं तर यंत्र खरोखर शिट्टी मारतं. दोन्ही करून पाहिलं. थरथर नाही तर शिट्टी.

"शिरीषला शब्द दिलाय," बाई म्हणाल्या. "ही लागली तर मोडेन. नाही लागली तर बाकीच्या ठेवून काय करू? एवढी एक सोडून सगळं ऐकत बसायचं, हे मला जमायचं नाही."

सरांना फोन केला. ते म्हणाले, कानात आत्ता तयार टोपी आहे, सैल बसते, आवाज बाहेर गळतो म्हणून शिट्टी. कानाच्या मापाचा साचा केला तर गळणार नाही, मग सेटिंग बंद करता येईल. बहुतेक. "बहुतेक का सर?" "कान आहे, गजानन, गणित नाही." उद्या ते बाईंचे कान बघणार आहेत, ठीक असले तर माप मी घ्यायचं. साचा यायला आठवडा. ट्रायल वाढवून देतो म्हणाले.

पण शिरीष रविवारी येतोय. बाई त्याला फोन करत नाहीत. "शब्द मोडायला कारण लागतं. 'बहुतेक' हे कारण नाही."

१८ जाने., रवि.

सुट्टी, तरी सकाळीच गेलो. कालच सरांनी कान बघून हो म्हटलं होतं. बाईंनी पोहे केले होते. चांगले होते. (नऊ. लिंबू कमी.)

माप घेताना आधी कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत ठेवतात, मग गुलाबी लगदा पिचकारीने भरतात. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. मी दोन्ही कान एकदमच भरले. थेंबभरही बाहेर सांडलं नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

बाईंना आता काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी बोटाने प्लेयर दाखवला. "सनई लाव," म्हणाल्या, केवढ्या मोठ्याने. स्वतःचा आवाज कळत नसला की माणूस ओरडतो. "लाव, आणि मला सांग काय चाललंय ते."

लावली. समोर बसलो, हातांनी सांगायला लागलो. तळहात आडवा : तंबोरा. मग बोट हळूहळू वर : सनई येतेय. एका जागी थांबली. थांबलीय. अजून थांबलीय. बोट मी जरासुद्धा हलू दिलं नाही, कारण प्लेयरमधून तो सूर हलत नव्हता. सरळ, दोरीसारखा. बाई माझ्या बोटाकडे बघत होत्या. त्यांचे ओठ मिटलेले, मान मात्र हळूहळू डोलायला लागली, आणि माझ्या बोटाच्या किंचित आधी. पुढे कुठे जायचं ते त्यांना पाठ होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

बाईंना ऐकू आली नाही. मला आली. मी बोट तसंच धरून बसलो. परत वाजली. शिरीषच असणार, सोबत आणखी कोणीतरी, जिन्यात खोकी घासल्याचा आवाज. बाई बेलकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. वर्गात कोण काय लपवतंय हे त्यांना चेहऱ्यावरून कळत असणार.

"शिरीष आलाय का?" केवढ्याने विचारलं.

मी मान हलवली. हो.

"त्याला सांग, बाहेर बस," बाई ओरडल्या. अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं असेल. "बाजू संपल्याशिवाय दार उघडायचं नाही. आणि खोकी परत खाली ने म्हणावं, जिन्यात वाट अडते."

बाहेर खोकी सरकल्याचा आवाज. मग पुतण्याचा आवाज, बारीक : "बसतो, काकू."

त्यांना तेही ऐकू आलं नाही. मी अंगठा दाखवला. लगदा अजून ओला होता. सनई आता खाली उतरत होती, पायरी पायरीने. मी दुसरा हात वर केला, कारण तबला सुरू झाला होता, आणि एका हाताने मला दोन्ही सांगता येईना.