हरणाचे कागद

कुंदन बाळा,

काल फोनवर तू इचारलं, "माय, पेटी सांभाळली ना?" मी हाव म्हटलं. खोटं बोलली.

मुंबईतलं तुहं चित्रं काढाचं काम सुटलं, आता सारं कम्प्युटरच काढते म्हणे, अन् तू तुह्या हरणाचे कागद पेटीत भरून घरी ठेवून गेला. दिवाळीत झेंडूले लय गिऱ्हाईक होतं, पुड्या बांधाचे कागद सरले. मी पेटी उघडली तं सगळ्या कागदांवर तेच हरीण! वाटलं, पोरानं एकच चित्र गिरवून गिरवून काढलं. त्यातलं चांगलं एक ठेवलं, बाकीच्यात फुलं बांधून अमरावतीच्या बाजारात इकली.

अन् काल तू सांगतं, हातानं सिनेमा काढणारा एक जण भेटला, कागद पाह्याले मागते. हरणाच्या एका उडीले चोवीस कागद लागते, दर कागदावर पाय जरासाच सरकते, हेही मले कालच समजलं. लहानपणी तिवस्याच्या जत्रेत, तंबूतला चित्राचा सिनेमा पाहून तू इचारलं होतं, "माय, चित्र कसं चालते?" मी म्हटलं, देव चालवते.

फोन ठेवला अन् फुलं नेलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली. पुडीचा कागद कोण ठेवते, बापा?

रविवारी तू पेटी न्याले येशील. हे पत्र टाकाचा धीर होत नाई. सकाळपासून तो एकच कागद हातात धरून हलवून राहिली. हरीण पाय उचलून तसंच उभं आहे.

तुही माय,
पार्बता